वाकड्या पगडीचा वाजंत्री

कालिंदीकाकूंच्या कामाचं पेज काढलं तर त्यांना काय मिळणार होतं, ते मी एका उरलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून काढलं होतं, आणि ती पत्रिका त्यांच्या पाटावर, डिंकाच्या वाटीशेजारी नेऊन ठेवली होती.

“वाचून दाखव,” त्या म्हणाल्या. “माझे हात बरबटलेत.”

मी वाचलं. लग्नं नसतात ते चार महिने हात रिकामे असतात, ते भरणार. आज कराडच्या चार पेठांतली गिऱ्हाइकं आहेत, उद्या पुण्याची, मुंबईची, अमेरिकेतलीसुद्धा. आज वर्षाला पस्तीस रुखवतं होतात, उद्या शंभर आणि हाताखाली चार बायका. शेवटची ओळ मी मुद्दाम राखून ठेवली होती. जेवणावळीत श्रीखंड शेवटी काढतात तशी.

“आणि नाव,” मी म्हणालो.

काकूंचा हात थांबला. “कसलं नाव?”

“तुमचं. कालिंदी गुरसाळे. हे सगळं तुम्ही केलंय, हे लोकांना कळणार.”

त्यांनी हातातल्या, बाहुली होऊ घातलेल्या सुपारीकडे बघितलं. तिला नुकतेच डोळे काढून झाले होते, त्यामुळे तीही त्यांच्याकडे बघत होती.

“आणि तुला काय मिळणार रे उमेशा?” त्या म्हणाल्या. “ते नाही लिहिलंस कुठं.”

मी हसलो. लिहिलं नव्हतं हे खरंच होतं.

मी तेव्हा घाट रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे मोजणारा. सकाळी वाट्या, चमचे, तांबे, लोड, गाद्या मोजून द्यायच्या, संध्याकाळी मोजून घ्यायच्या. सहा वर्षं हेच केल्यावर माणूस भांड्यांपाशी थांबत नाही. नवरीच्या कुठल्या आत्याचे अश्रू खरे, कुठला काका दोन्ही पंगतींना बसला, कुणाचं मानपानात किती अडलं, सगळं आपोआप मोजलं जातं. पण वाट्या मोजत म्हातारा व्हायची माझी इच्छा नव्हती. पुण्याला एका हॉटेलात दोन दिवसांचा वर्ग करून आलो होतो: छोटा धंदा सोशल मीडियावर कसा वाढवावा. कोट घातलेल्या एका माणसाने आम्हाला नियम सांगितले होते. रोज एक पोस्ट. वस्तू दाखवू नका, वस्तू होताना दाखवा. प्रत्येक कमेंटला तासाच्या आत उत्तर, आणि उत्तर मोघम नको, ठोस हवं. हे नियम मी भांड्यांच्या वहीतच उतरवून घेतले होते. आता मला पहिलं गिऱ्हाईक हवं होतं. एक पेज वाढवून दाखवलं की दहा दुकानदार दारात उभे राहणार होते. कालिंदीकाकू माझं पहिलं गिऱ्हाईक.

फक्त त्यांच्या धंद्यात एक गोम होती. तो धंदा गुपचूप चालायचा, म्हणूनच चालायचा.

रुखवताच्या टेबलावर एक पाटी असते: ‘चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केलेले’. आता चि. सौ. कां. असते बँकेत नाहीतर कॉल सेंटरला. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि का यावा? पण टेबल मांडायचं असतं, आणि त्यावर पाटीही लावायची असते. ते सगळं काकूंच्या मागच्या खोलीत व्हायचं. डाळींची रांगोळी, लोकरीची कुंची-झबली, मण्यांची तोरणं, शेवयांचं घर, आणि सगळ्यात देखणी सुपाऱ्यांची वरात. नवरा घोड्यावर, नवरी, करवल्या, भटजी आणि पाच वाजंत्री. पाचांतल्या एकाची पगडी कायम वाकडी असायची.

“ही सरळ करायची राहिली,” मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणालो होतो.

“राहिली नाही. सगळी वरात सरळ असली की मुकी वाटते. एकाची पगडी वाकडी केली की वाजायला लागते.”

लग्नाच्या दिवशी काकू पहाटे येऊन टेबल मांडायच्या आणि विचारलंच कुणी तर त्या नवरीच्या लांबच्या मावशी असायच्या. त्या एका वर्षात पस्तीस घरांच्या मावशी व्हायच्या. टेबल मांडून झालं की घरी नाही जायच्या. गर्दीत, खांबाला टेकून उभ्या राहायच्या. बायका यायच्या, वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, काय गुणी हात आहे हो पोरीचा! काकू मान डोलवायच्या, “हो ना, आमची लहानपणापासूनच तशी.” शेवटच्या पंगतीला जेवायच्या आणि जायच्या. त्यांचा चेहरा मी त्या खांबापाशी शेकडो वेळा बघितलाय. म्हणून ती शेवटची ओळ मी शेवटी ठेवली होती.

“गिऱ्हाइकाचं नाव यायचं नाही,” त्या अखेर म्हणाल्या. “लग्न कुणाचं, गाव कुठलं, काही नाही. माझा चेहरा नको. हात चालतील.”

“फक्त हात. पेजचं नाव काय ठेवू? ‘रुखवत रंग’ कसं वाटतं?”

काकूंनी सुपारी खाली ठेवली. पदराने नाक पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “नाव माझंच ठेव.”

पेज झालं, ‘कालिंदीचं रुखवत’. पहिले काही फोटो जुन्या कामांचे टाकले. तोरणं, रुमाल, डाळींचे मोर. चौदा लाइक आले. त्यातले नऊ माझ्याच नातेवाइकांचे होते.

त्याच आठवड्यात वंदनाताई निकम आल्या. त्यांच्या ऋतुजाचं लग्न ठरलं होतं, आमच्याच कार्यालयात. ऋतुजा पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती, दिवसाला शंभर माणसांचं रक्त काढायची, आणि हाताला इतकी हलकी की म्हातारी माणसं मुद्दाम तिच्या पाळीला यायची. पण त्या हाताची रुखवतात गणती नसते.

“विट्याचं स्थळ आहे काकू. शेडगे,” वंदनाताई म्हणाल्या. “घर सोन्यासारखं. फक्त सासूला हातकामाचं भारी वेड. बघायला आल्या तेव्हा भिंतीवरच्या तोरणाला हात लावून म्हणाल्या, पोरीनं केलं का? मी हो म्हणून बसले.”

“आणि केलं कुणी होतं?”

“तुम्हीच की! मागल्या दिवाळीत नाही का नेलं?”

तिघंही हसलो. वंदनाताई आधी थांबल्या. “त्यावरच पसंती झालीय हो. नलिनीबाई म्हणाल्या, असा हात असणारी पोरगी घर मोडत नाही. तेव्हा रुखवत असं झालं पाहिजे की बोट तोंडात जावं. आणि काकू, तोंडातून शब्द...”

“आजवर गेलाय?”

त्या गेल्यावर मी म्हणालो, “काकू, हेच करताना व्हिडिओ घेऊ. जुनं दाखवून काही होत नाही. होताना दाखवायचं असतं.”

“निकमांचं नाव...”

“नाही हो येत. फक्त हात आणि सुपारी.”

चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता. काकूंची दोन बोटं सुपारी धरतात. काडीच्या टोकाने दोन डोळे, एक मिशी. क्रेप कागदाची पट्टी डोक्याला गुंडाळतात, तुरा खोचतात. आणि मग अंगठ्याने पगडीला हळूच एक टिचकी. पगडी वाकडी होते आणि खरंच सांगतो, तो सुपारीचा गडी वाजवायला लागतो.

चार दिवसांत सव्वा लाख लोकांनी तो बघितला.

मी रोज दुपारी काकूंकडे जाऊन कमेंटी वाचून दाखवायचो. त्या पाटावर बसलेल्या, हातात काम, आणि कान माझ्याकडे.

“न्यू जर्सीहून एक बाई लिहितेय, कालिंदीताई, तुमच्या हातांना नमस्कार.”

“कुठून?”

“अमेरिका.”

“वाच की परत.”

मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. मग त्या म्हणाल्या, “ताई लिहिलंय ना? नुसतं छान आहे असं नाही. नाव घालून लिहिलंय.”

“नाव घालून.”

“तिला लिही, हात आता थरथरतात म्हणावं. उगाच नमस्कार नको.”

मी सगळ्यांना लिहायचो. तासाच्या आत, ठोस. त्या पंधरवड्यात मी दोनशे तरी उत्तरं दिली असतील. कार्यालयात पंगत बसलेली असायची आणि मी वाढप्यांच्या मागे उभा राहून अंगठा चालवत असायचो. पेजला सव्वीस हजार लोक झाले. पुण्याहून चार ऑर्डरी आल्या, नाशिकहून एक. काकूंनी शेजारच्या दोघींना हाताशी घेतलं, आणि एक दिवस मी गेलो तर दारावर पत्र्याची पाटी होती. स्वतःच रंगवलेली. ‘कालिंदी गुरसाळे, रुखवत’. बत्तीस वर्षांत त्या दारावर फक्त यजमानांचं नाव होतं, तेही ते गेल्यानंतर कुणी काढलं नव्हतं म्हणून.

“जरा वाकडी लागलीय,” मी म्हणालो.

“असू दे. वाजेल.”

त्यानंतर बरोबर पाच दिवसांनी, बावीस तारखेला, ऋतुजा निकमचं लग्न होतं.

अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, पहिली पंगत बसली. साडेबाराच्या सुमाराला नलिनीबाई शेडगे रुखवताच्या टेबलाशी आल्या. ठेंगणी, ठसठशीत बाई, पैठणीच्या पदराची टोकं कमरेला घट्ट खोचलेली. मागे विट्याच्या आठदहा बायका. काकू नेहमीच्या खांबाला टेकून होत्या. मी टेबलापलीकडे वाढपाच्या वाट्या मोजून घेत होतो.

नलिनीबाईंनी चष्मा लावला. एकेक वस्तू बघितली, घाई नाही. डाळीचा मोर, शेवयांचं घर. पाटी वाचली, मोठ्याने. “चि. सौ. कां. ऋतुजा हिने स्वहस्ते केलेले.” मग वरातीपाशी थांबल्या.

“ह्याची पगडी वाकडी हाय बगा.”

“असू दे की, मजेशीर दिसतंय,” कुणीतरी म्हणालं.

“मजेशीर तर हायच. सूनबाई, जरा इकडं या.”

ऋतुजा आली. कोपरापर्यंत मेंदी, हिरवा चुडा, मुंडावळ्या अजून सोडलेल्या नव्हत्या.

“असा एक करून दाव बरं आम्हांला,” नलिनीबाई प्रेमाने म्हणाल्या. त्यांनी पर्स उघडली आणि टेबलावर एक सुपारी ठेवली. मग डिंकाची छोटी ट्यूब. मग क्रेप कागदाची लाल पट्टी, बेताने कापलेली. काडेपेटीतली एक काडीसुद्धा होती.

मी वाट्या मोजायचा थांबलो. लग्नाला येताना पर्समध्ये क्रेप कागद आणणारी बाई मी तोवर बघितली नव्हती, त्यानंतरही नाही.

बायकांना खेळ वाटला. “कर गं, कर! उखाण्यापरीस हे बरं!” “मिशी दांडगी काढ, नवऱ्यावाणी!” हशा झाला. नवराही लांबून हसला.

ऋतुजाने सुपारी उचलली. तिने आईकडे बघितलं. डिंकाचं टोपण उघडायला चुड्यामुळे हात वळेना. उघडलं तर डिंक बोटांवर आला, कागद बोटांना चिकटला, सुपारी निसटली आणि घरंगळत टेबलाखाली गेली.

“दमलीय हो पोरगी,” वंदनाताई पुढे आल्या. “तीन रात्री झोप नाही. आणि ही मेंदी...”

“व्हय व्हय, मेंदी,” नलिनीबाई म्हणाल्या. “मग हे कुणाचं हात हायेत, तेवढं सांगा.”

त्यांनी फोन पुढे धरला. चाळीस सेकंद. टेबलाभोवती डोकी जमली. सगळ्यांनी ती दोन बोटं बघितली, ती टिचकी बघितली, आणि मग टेबलावरच्या वाजंत्र्याकडे बघितलं. आता कुणी हसत नव्हतं. नवरा हसायचा थांबून जवळ येऊ लागला होता. ऋतुजा हाताला चिकटलेला लाल कागद काढत उभी होती, आणि तो निघत नव्हता.

“कालिंदीचं रुखवत,” नलिनीबाईंनी नाव वाचलं. “कोण ही कालिंदी?”

“मी.”

काकू खांबापासून निघून टेबलापाशी आल्या होत्या. मला वाटलं, आता ही बाई आपलं नाव घेणार. बत्तीस वर्षांनी, भर कार्यालयात, ज्या टेबलांसमोर वर्षाला पस्तीस घरांची मावशी होऊन उभी राहिली तसल्याच टेबलासमोर. खरं सांगायचं तर मला थोडा आनंद झाला.

“व्हिडिओतले हात माझे आहेत,” काकू म्हणाल्या. “पण काम माझं नाही. हे सगळं ह्या पोरीचं आहे. ही वरात, ही पगडी वाकडी करायची युक्ती, सगळं हिचं. मी हिच्याकडे बसून बघितलं, घरी जाऊन तसंच केलं आणि माझं म्हणून पेजवर टाकलं.”

“म्हंजे चोरलं?” मागून एक बाई म्हणाली.

“हो. चोरलं.”

“आणि आत्ता हिला का येईना?”

“तुम्ही बसा अशा चुडा भरून, मेंदी काढून, दहाजणींसमोर,” काकू म्हणाल्या. “तुम्हाला पानाचा विडा लावता यायचा नाही.”

कुठूनतरी एक हसू फुटलं आणि मग सगळ्या बोलायला लागल्या. काय बाई असतात एकेक. पोरीच्या जिवावर नाव मिळवायचं. तोंड बघा कसं साळसूद. एका करवलीने फोन वर धरला होता, ते मी बघितलं. नवऱ्याने ऋतुजाच्या खांद्यावर हात ठेवला. वंदनाताईंनी काकूंकडे बघितलं नाही. त्यांनी टेबलावरचा रुमाल सारखा केला, तो आधीच सारखा होता.

माझ्या खिशात फोन होता. त्यात काकूंचे पन्नास व्हिडिओ होते, वंदनाताईंचा निरोप होता, ‘काकूंना म्हणावं वरात वीसला द्या’. मी एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. मी म्हणालो, “एकशे बारा, एकशे तेरा,” आणि वाढप्याने पुढची चळत सरकवली.

“बरं झालं बाई, चोर सापडला,” नलिनीबाई म्हणाल्या. त्यांनी पट्टी, ट्यूब, काडी पुन्हा पर्समध्ये ठेवली. “सूनबाई, ऐकलंस का? तू लई गुणाची हायेस. बेसच झालं. औंदा आमच्या घरात तीन लग्नं हायेत. तिन्ही रुखवतं तुझ्याकडं.”

काकू शेवटच्या पंगतीला थांबल्या नाहीत.

चारच्या सुमाराला वऱ्हाड निघायच्या तयारीत असताना नलिनीबाई माझ्या ऑफिसच्या दारात आल्या. “ओ मॅनेजर, रुखवत गाडीत घालायचंय. खोकी द्या दोन.”

मी खोकी काढून दिली. त्या हलल्या नाहीत. फोन काढून माझ्यासमोर धरला.

“हे तुमीच लिवलंय न्हवं?”

व्हिडिओखालची कमेंट होती. पूजा नावाच्या कुणीतरी विचारलेलं: ‘खूप सुंदर. प्रत्यक्ष बघायला कुठे मिळेल?’ खाली उत्तर होतं. तासाच्या आत दिलेलं, ठोस. ‘नक्की या ताई! हेच रुखवत येत्या बावीस तारखेला कराडला, घाट रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात मांडलेलं बघायला मिळेल.’ पुढे हात जोडलेलं चित्र.

नाव मी कुणाचंच घातलं नव्हतं.

“पूजा आमची भाची. तिच्या फोनवरनं मीच इचारलं,” नलिनीबाई म्हणाल्या. “आधी पेजवर तोरण दिसलं, निकमांच्या भिंतीवरचं. वाटलं, एकासारखं एक असतंय. मग तुमचं उत्तर आलं. कार्यालयाची तारीख एवढी बिनचूक मॅनेजरबिगर कोन देनार? लई तत्पर हाय तुमी.”

“म्हणजे काकू खोटं बोलल्या, हे तुम्हाला...”

“माज्या डोक्याला कुटं कुंची हाय का, न कळाया?”

“मग लग्न का नाही मोडलंत?”

त्या माझ्याकडे लहान मुलाकडे बघतात तसं बघत राहिल्या.

“मोडायचं कशापायी? पोरगी देखणी हाय, नोकरीची हाय, पोराला आवडलीय. पर नुसती चांगली सून आली की चार दिसांत ती आपल्याला शिकवाया लागती. ही न्हाई शिकवायची. हिची आई खोटं बोलली, हे मला ठावं हाय, आणि मला ठावं हाय हे हिला ठावं हाय. मी म्हनलं होतं तेवढ्यावर भागंल. त्यात त्या म्हातारीनं आनिक एक खोटं घातलं, चारचौघांत. आता जन्माला पुरंल.” खोकी उचलता उचलता म्हणाल्या, “तुमचं उपकार झालं बगा, मॅनेजर. न्हाईतर मला कळलंच नसतं.”

त्या गेल्यावर मी सामान मोजलं. सगळं बरोबर भरलं. टेबलाखाली एक सुपारी सापडली, ती आमच्या यादीत नव्हती.

करवलीने घेतलेला व्हिडिओ त्याच दिवशी पेजच्या कमेंटींत येऊन पडला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चारशे कमेंटी होत्या. न्यू जर्सीच्या बाईंचीही होती, एकाच शब्दाची. मी काकूंकडे गेलो तेव्हा हाताखालच्या दोघी आलेल्या नव्हत्या. दारावरची पाटी काढून भिंतीला उलटी टेकवून ठेवली होती.

“बंद करून टाक ते,” काकू म्हणाल्या.

“आपण खरं लिहू. माझ्याकडे सगळे व्हिडिओ आहेत, तारखेसकट.”

“काय लिहिणार? निकमांची पोरगी खोटी? तिला तिथं जन्म काढायचाय.”

“आणि तुमचं नाव?”

“होतं की पाच आठवडे.” त्या डिंकाची वाटी धूत होत्या, कोरडा डिंक नखाने खरवडत. “पाच आठवडे काही कमी नाहीत.”

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, “पण उमेशा, त्या बाईला कळलं कसं रे? पेजवर तर आपण कुणाचंच नाव घातलं नव्हतं.”

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“कळलं असेल कुठूनतरी,” मी म्हणालो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच झालं. पुण्याच्या चारही ऑर्डरी परत गेल्या. कराडच्या बायका आल्याच नाहीत. अर्ध्यांना वाटलं ही चोर आहे. उरलेल्या अर्ध्यांना खरं काय ते माहीत होतं, कारण त्यांच्याही टेबलावर वाकड्या पगडीचा वाजंत्री बसून गेला होता, आणि त्यांनाच काकूंची जास्त भीती वाटायला लागली. ऋतुजा त्या पावसाळ्यात दोनदा लपून काकूंकडे शिकायला आली. काकूंनी शिकवलं. हात हलका होता, पण रक्त काढणारा, त्याला डिंक कळेना. तिसऱ्यांदा तिला विट्याहून सोडलं नाही. दिवाळीनंतर तिने विट्यातल्या लॅबची नोकरीही सोडली असं वंदनाताईंनी कुणाला तरी सांगितलं, घरातच इतकं काम असतं म्हणून. शेडग्यांकडची तिन्ही रुखवतं झाली. विट्याचा एक वाढपी सांगत होता, नलिनीबाई टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसतात, येईल त्याला म्हणतात, आमच्या सूनबाईंनी केलंय, जवळून बघा की. लोक जवळून बघतात. मग डिंकाचे ओघळ एकमेकांना दाखवतात. सूनबाई शेजारीच उभी असते.

पेज मी बंद केलं नाही. सव्वीस हजार माणसं एका दिवसात कोण टाकून देतं? सहा महिने गप्प राहिलो, चोरीच्या कमेंटी एकेक करून पुसल्या आणि मग पेजचं नाव बदललं. तिथे आता माझ्या एजन्सीचं नाव आहे. ते सव्वीस हजार दाखवून पहिलं साड्यांचं दुकान मिळालं, मग फर्निचरवाले, मग एक दवाखाना. आता मीच दोन दिवसांचे वर्ग घेतो, कोट घालून. व्हिडिओ कसा असावा हे सांगताना तोच चाळीस सेकंदांचा दाखवतो. सगळे वाहवा करतात. एकदा एका मुलीने विचारलं, सर, हे हात कुणाचे? मी म्हणालो, एका क्लायंटचे.

चार वर्षांपूर्वी एका लग्नाला गेलो होतो, त्याच कार्यालयात, पाहुणा म्हणून. रुखवताच्या टेबलावर सुपाऱ्यांची वरात होती, पुण्याच्या घाऊक बाजारातली, साच्यातून काढल्यासारखी. एका वाजंत्र्याची पगडी वाकडी होती. आता सगळ्याच वरातींत असते. कुणी सुरू केलं कुणाला माहीत नाही. टेबलापाशी कालिंदीकाकू उभ्या होत्या, फार वाळलेल्या. त्या लग्नात त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या, शेजारधर्माचं बोलावणं असावं. त्यांनी मला बघितलं नाही. इकडेतिकडे बघून त्यांनी एक बोट पुढे केलं आणि ती पगडी सरळ केली. मग जेवायला न थांबता गेल्या.

वंदनाताईंची मुलगी चांगल्या घरी पडली. नलिनीबाईंना हवी तशी सून मिळाली. मला सव्वीस हजार माणसं मिळाली आणि वाट्या मोजणं सुटलं. उत्तराच्या दोन ओळी मी लिहिल्या होत्या. त्यांची किंमत भरली कालिंदीकाकूंनी आणि ऋतुजाने, आणि ऋतुजा अजून भरतेय.